१९९९ मध्ये चार एमएलएस संघांना हरवून करंडक जिंकणारा रॉचेस्टर ऱ्हाइनोज क्लब बंद का पडला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीवरच्या या क्लबानं यूएस ओपन कप जिंकला कसा, आणि इतकं नाव कमावूनही तो टिकला का नाही. दुसऱ्या भागाचं नेहमीचं उत्तर ‘प्रेक्षक आटले’ हे असतं. मला ते उलट्या क्रमाचं वाटतं. आधी मैदानाचा हिशेब चुकला, प्रेक्षक त्यानंतर आटले.

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ओंटारिओ सरोवराच्या काठचं कोडॅक कंपनीचं शहर. उपनगरं धरून वस्ती ११ लाखांच्या आसपास. फुटबॉल इथे नवा नव्हता. रॉचेस्टर लॅन्सर्स या जुन्या क्लबानं १९७० मध्ये तेव्हाच्या एनएएसएल लीगचं विजेतेपद मिळवलं होतं. लॅन्सर्स १९८० मध्ये बुडाला आणि १९९६ मध्ये ‘रॉचेस्टर रेजिंग ऱ्हाइनोज’ या नावानं नवा क्लब ए-लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, ही देशातली सर्वांत वरची लीग सुरू झाली. ए-लीग तिच्या खालची पातळी.

पहिल्याच हंगामात संघानं ए-लीगची अंतिम फेरी गाठली आणि सिएटल साउंडर्सकडून हरला. त्याच वर्षी ओपन कपच्या अंतिम फेरीतही गेला, तिथे डीसी युनायटेडनं ३-० नं हरवलं. पहिला हंगाम सिल्व्हर स्टेडियममध्ये आणि १९९७ पासून फ्रंटियर फील्डवर, म्हणजे दोन्हीकडे बेसबॉलच्याच मैदानांवर. सरासरी प्रेक्षक पहिल्या वर्षी १० हजारांच्या आसपास होते, दोन वर्षांत ते ११ हजारांच्या पुढे गेले. १९९९ मध्ये एमएलएसमधल्या कॅन्सस सिटीची सरासरी ८ हजारांच्या जवळपास होती, म्हणजे खालच्या पातळीवरचा क्लब वरच्या क्लबापेक्षा जास्त लोक जमवत होता. पॅट एरकोली या प्रशिक्षकाच्या काळात १९९८, २०००, २००१ अशी तीन ए-लीग विजेतेपदंही आली.

आता करंडकाचं. यूएस ओपन कप ही १९१४ पासूनची बाद पद्धतीची स्पर्धा. तिच्यात हौशी संघांपासून एमएलएसपर्यंतचे क्लब एकाच सोडतीत येतात. १९९९ मध्ये ऱ्हाइनोजनं ओळीनं शिकागो फायरला १-०, डॅलस बर्नला २-१, कोलंबस क्रूला ३-२ आणि अंतिम सामन्यात कोलोरॅडो रॅपिड्सला २-० नं हरवलं. यातला शिकागो हा आदल्या वर्षीचा लीग आणि ओपन कप दोन्हींचा विजेता होता. अंतिम सामना १४ सप्टेंबरला कोलंबसच्या नव्या कोऱ्या मैदानावर झाला. डग मिलर आणि यारी ऑलनट यांनी गोल केले. मैदानात पाच हजारही लोक नव्हते, कारण यजमान शहराचा संघ उपांत्य फेरीत याच ऱ्हाइनोजकडून हरला होता.

याला निव्वळ चमत्कार म्हणायला मी तयार नाही. त्या काळी एमएलएसवर पगाराची कडक मर्यादा होती. आठ-दहा चांगले खेळाडू सोडले तर तिथल्या राखीव फळीत आणि ए-लीगच्या उत्तम संघात फार अंतर नव्हतं. शिवाय एमएलएसचे क्लब या स्पर्धेत बरेचदा दुसरी फळी उतरवत, तर ऱ्हाइनोजसाठी हीच सर्वांत मोठी स्पर्धा होती. पण अशा चार सामन्यांत एकदाही पाय न घसरणं हे संघाचंच श्रेय. एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कुणाला हे जमलेलं नाही. चार्ल्सटन बॅटरी २००८ मध्ये आणि सॅक्रामेंटो रिपब्लिक २०२२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तिथे हरले.

इथून पुढची गोष्ट समजायला अमेरिकेतल्या पातळ्या कशा ठरतात ते कळायला हवं. इंग्लंडमध्ये पहिला आलेला क्लब वर जातो, शेवटचा खाली येतो. अमेरिकेत पातळी ही लीगची असते, क्लबाची नाही. देशाचा महासंघ लीगला मान्यता देतो आणि त्यासाठी निकष लावतो. दुसऱ्या पातळीसाठी गेल्या दशकातले निकष असे: किमान ५ हजार आसनांचं मैदान, ३५ टक्के वाटा असलेला आणि स्वतःची मालमत्ता किमान २ कोटी डॉलर असलेला एक मुख्य मालक, क्लब मध्येच बुडाला तर हंगाम पुरा करता यावा म्हणून साडेसात लाख डॉलरची हमी. तिसऱ्या पातळीला हेच आकडे १ हजार आसनं, १ कोटी डॉलर आणि अडीच लाख डॉलर असे उतरतात. गुणतक्त्याचा यात कुठेच संबंध नाही. एमएलएसमध्ये जायचं तर प्रवेश फी भरून जागा विकत घ्यायची. आपली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरुवातीच्या वर्षांत पाहिलेल्याला ही बंद दाराची लीग लगेच ओळखीची वाटेल.

म्हणजे १९९९ च्या करंडकानं ऱ्हाइनोजला वर नेलं नाही, नेऊच शकत नव्हता. मालकांनी मग दुसरा रस्ता धरला: एमएलएसच्या नजरेत भरेल असं स्वतःचं फुटबॉलचं मैदान बांधायचं.

त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. बेसबॉलच्या मैदानात भाडेकरू म्हणून खेळताना काय होतं ते पाहा. बेसबॉलचा हंगामही एप्रिल ते सप्टेंबरच, त्यामुळे चांगल्या तारखा आधी मुख्य संघाला जातात आणि उरलेल्या तुम्हाला. मातीचा भाग हिरवळीनं झाकावा लागतो, त्या जोडावर चेंडू विचित्र उसळतो. स्टँड बेसबॉलच्या कोनात बांधलेले, म्हणून निम्म्या प्रेक्षकांना एक गोलपोस्ट फार लांब पडतो. आणि मुख्य म्हणजे भाडेकरूच्या हाती प्रामुख्यानं तिकिटाचा पैसा येतो. पार्किंग, बिअर, खाण्याचे स्टॉल, मैदानाच्या नावाचे हक्क यांतला मोठा वाटा मैदान ज्याच्या ताब्यात त्याचा. दूरचित्रवाणीचं उत्पन्न नगण्य असलेल्या खालच्या लीगमध्ये हीच कमाई क्लब तारते किंवा बुडवते.

पेटेक पार्क हे क्लबाचं नवं मैदान ३ जून २००६ ला उघडलं. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर, त्यात राज्य सरकारचा मोठा निधी, बाकी कर्ज. काही कामं अर्धवट असतानाच सामने सुरू झाले. आसनं १३,७६८, आणि पुढे २० हजारांपर्यंत वाढवता येतील असा आराखडा. घोळ इथेच झाला. मैदानाचं माप एमएलएसचं होतं आणि उत्पन्न खालच्या लीगचं. २८ सामन्यांच्या हंगामात घरचे सामने १४. उरलेले साडेतीनशे दिवस विमा, डागडुजी आणि कर्जाचे हप्ते चालूच. पाच हजार लोक आले तरी मैदान दोन तृतीयांश रिकामं दिसतं, आणि रिकामं दिसलं की आगाऊ तिकीट काढायची घाई कुणाला राहत नाही. फ्रंटियर फील्डच्या काळात ‘आज जागा मिळेल ना’ ही धाकधूक होती, ती गेली. नवं मैदान शहराच्या ज्या भागात होतं तिथे रात्री जायला उपनगरातली कुटुंबं बिचकत, ही तक्रारही सुरुवातीपासून होती. कोडॅकची पडझड याच वर्षांतली, म्हणजे मोठे स्थानिक प्रायोजकही हात आखडते घेत होते.

दुसरी गोष्ट वेळेची. २००७ मध्ये टोरांटो एमएलएसमध्ये आला तो १ कोटी डॉलर फी भरून. तो सरोवराच्या पलीकडच्याच काठावर आहे. २०११ मध्ये व्हँकुव्हर आणि पोर्टलंडला प्रत्येकी साडेतीन कोटी पडले, म्हणजे ऱ्हाइनोजच्या अख्ख्या मैदानाइतके. पुढे शार्लटला ३२.५ कोटी, सॅन डिएगोला ५० कोटी. मैदानावर पैसा ओतून झाल्यावर रॉचेस्टरकडे फीसाठी काही उरलं नाही, आणि फी दर वर्षी हातातून आणखी निसटत गेली. २००६ च्या हंगामाची अंतिम लढत पेटेक पार्कवरच झाली आणि व्हँकुव्हरनं ऱ्हाइनोजला ३-० नं हरवलं. पाच वर्षांनी व्हँकुव्हर एमएलएसमध्ये होता आणि ऱ्हाइनोज तिसऱ्या पातळीवर. मैदानावरच्या कामगिरीत दोघांमध्ये इतकं अंतर कधीच नव्हतं.

२००८ च्या सुरुवातीला मालकांना हप्ते झेपेनात. युटिका शहरातले व्यावसायिक रॉब क्लार्क यांनी क्लब घेतला. नावातलं ‘रेजिंग’ गेलं, मैदान पुढे शहराच्या ताब्यात गेलं. मैदानाचं नाव प्रायोजक बदलेल तसं बदलत राहिलं: मरीना ऑटो, साहलेन्स, कॅपेली स्पोर्ट. २०११ मध्ये क्लब यूएसएल या खालच्या पातळीच्या लीग चालवणाऱ्या संघटनेच्या नव्या यूएसएल प्रो लीगमध्ये गेला. ही तिसरी पातळी. तिथे तो कुणी ढकलला नव्हता, खर्च आवरण्यासाठी स्वतः गेला होता.

फुटबॉल मात्र चांगला होता. २०१५ मध्ये बॉब लिली यांच्या हाताखाली संघ २८ पैकी फक्त एक साखळी सामना हरला आणि अंतिम फेरीत एलए गॅलक्सीच्या दुसऱ्या संघाला जादा वेळेत २-१ नं हरवून विजेता झाला. प्रेक्षकांवर त्याचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. विजेतेपदानं गर्दी परत येते हा समज खालच्या लीगमध्ये फारसा खरा ठरत नाही. लोक पुढच्या वर्षी क्लब असेल की नाही हे आधी बघतात. २०१६ मध्ये डेव्हिड आणि वेंडी ड्वॉर्किन या दांपत्यानं क्लब घेतला. २०१७ मध्ये यूएसएलच्या याच लीगला दुसऱ्या पातळीची मान्यता मिळाली, घरचे सामने १६ झाले, प्रवास आणि पगार वाढले. त्या नोव्हेंबरअखेर क्लबानं खेळ थांबवल्याचं जाहीर केलं.

२०२१ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीचा तेव्हाचा खेळाडू जेमी वार्डी भागीदार झाला म्हणून जगभर बातम्या झाल्या. क्लबाचं नाव बदलून रॉचेस्टर न्यूयॉर्क एफसी झालं आणि २०२२ मध्ये तो एमएलएस नेक्स्ट प्रो या तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये उतरला. २१ संघांपैकी बाकी २० एमएलएस क्लबांचे राखीव संघ, स्वतंत्र क्लब हा एकटा. राखीव संघाचा तोटा वरचा क्लब सोसतो, यांचा कोण सोसणार? राखीव संघ पाहुणे म्हणून आले की त्यांच्यासोबत प्रेक्षकही येत नाहीत. सामने मोठ्या मैदानात नाही, तर मन्रो कम्युनिटी कॉलेजच्या मैदानावर झाले. एका हंगामानंतर, मार्च २०२३ मध्ये, सगळंच बंद झालं.

दुसरं काय करता आलं असतं, असं विचाराल तर रिचमंड किकर्सकडे बघा. १९९३ पासून सलग चालू. शहराच्या जुन्या मैदानात खेळतात आणि २०१९ मध्ये आपणहून तिसऱ्या पातळीवर उतरले. चार्ल्सटन बॅटरीनंही १९९९ मध्ये स्वतःचं मैदान बांधलं, पण जेमतेम ५ हजारांचं. ते मैदान आज नाही, क्लब आहे. मार्च २०२५ मध्ये यूएसएलच्या मालकांनी आपल्या पातळ्यांमध्ये प्रमोशन-रेलिगेशन, म्हणजे निकालांनुसार क्लब वर-खाली होण्याची पद्धत, आणण्याच्या बाजूनं मत दिलं, पण तिथून एमएलएसमध्ये जायची वाट अजूनही चेकबुकाचीच आहे.

जुने निकाल शोधणार असाल तर एक लक्षात ठेवा. २००७ पर्यंत ‘रेजिंग ऱ्हाइनोज’, त्यानंतर ‘ऱ्हाइनोज’, २०२२ साठी ‘रॉचेस्टर न्यूयॉर्क एफसी’ असं शोधावं लागतं. २००५ ते २००९ मधली ‘यूएसएल फर्स्ट डिव्हिजन’ ही नावाला पहिली असली तरी दुसरीच पातळी होती, त्यामुळे तक्ते वाचताना हमखास फसायला होतं.