‘टार्गेट इज बिझी’ म्हणजे नेमकं कोण बिझी?

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच विषयावरची निघाली: पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क टर्मिनलवरून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) नीट कशी सोडवायची. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. नोकरी संपूर्ण एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली. तिथे मुलांचं काम वाया जाताना पाहिलं, ते व्हायरसपेक्षा घाईघाईने उपसलेल्या पेनड्राइव्हमुळे जास्त. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून यांनाच जागा देते आहे. कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : ताई, आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या संगणकांवर उबुंटू आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म पेनड्राइव्हवर घेऊन झाले की मी ‘सुडो यूमाउंट’ आणि पुढे पेनड्राइव्हचा पत्ता देते. उत्तर येतं, ‘टार्गेट इज बिझी’. सगळ्या खिडक्या मी बंद केलेल्या असतात. शेवटी कंटाळून तसाच ओढून काढते. — शिक्षिका, पाटण

ओढून काढणं आजपासून बंद करा, एवढं आधी सांगते. त्या फॉर्मवर मुलांचं वर्ष अवलंबून आहे.

‘यूमाउंट’ म्हणजे जोडलेली (माउंट केलेली) डिस्क सोडवणं, आणि ‘सुडो’ म्हणजे ते मुख्य यूझरच्या अधिकाराने करणं. आता बिझी कोण, ते बघू. बहुतेक वेळा ते तुमचं टर्मिनलच असतं. फाइली बघायला तुम्ही ‘सीडी’ करून पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलात आणि तिथूनच यूमाउंट दिलंत, तर ज्या फोल्डरमध्ये तुमचं शेल (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्रॅम) उभं आहे ते फोल्डर लिनक्स काढून घेत नाही. नुसतं ‘सीडी’ टाइप करून एंटर दाबा, म्हणजे तुम्ही आपल्या होम फोल्डरमध्ये परत याल. मग पुन्हा यूमाउंट द्या. दुसरं एखादं टर्मिनल मागे उघडं असेल तर तिथेही हेच करा. (टाइप करताना ‘माउंट’च्या आधी फक्त ‘यू’ येतो, ‘यूएन’ लिहिलंत तर कमांड सापडत नाही.)

तरीही बिझीच येत असेल तर अंदाज करत बसू नका, यंत्रालाच विचारा:

सुडो फ्यूझर -व्हीएम /मीडिया/शाळा/पेन

(शेवटचा पत्ता तुमच्याकडे जो असेल तो. माहीत नसेल तर ‘एलएसबीएलके’ दिलं की कोणती डिस्क कुठे जोडली आहे ते दिसतं.) सुडो विसरू नका, नाहीतर दुसऱ्या यूझरचे प्रोग्रॅम यादीत येणार नाहीत. जो तक्ता येतो त्यात पहिली ओळ ‘कर्नल माउंट’ अशी असते (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). ती पाहून घाबरू नका. डिस्क जोडलेली आहे एवढाच तिचा अर्थ. खरी माहिती खालच्या ओळींत असते. ॲक्सेसच्या रकान्यात ‘सी’ असेल तर तो प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये उभा आहे. छोटा ‘एफ’ म्हणजे त्याने फाइल उघडलेली आहे. मोठा ‘एफ’ म्हणजे फाइल लिहिण्यासाठी उघडलेली आहे, आणि हा दिसला तर हातातलं सगळं सोडून थांबायचं. शाळेत बहुधा लिबरऑफिस सापडेल: एक फॉर्म बंद केला, पण दुसरा खिडक्यांच्या मागे उघडाच राहिला. तो सेव्ह करा, बंद करा आणि पुन्हा यूमाउंट द्या.

याच कमांडला ‘-के’ जोडलं की ते सगळे प्रोग्रॅम मारले जातात, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. शाळेच्या संगणकावर ते करू नका. एक तर न सेव्ह केलेला फॉर्म जाईल. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. पत्ता चुकला किंवा पेनड्राइव्ह आधीच सुटलेला असला, तर ते फोल्डर संगणकाच्या मुख्य डिस्कवरचं ठरतं आणि फ्यूझर त्या अख्ख्या डिस्कवर चालणारे प्रोग्रॅम मारायला लागतो. म्हणूनच फ्यूझरमध्ये मोठ्या ‘एम’चा वेगळा पर्याय दिलेला आहे: दिलेला पत्ता खरोखर माउंट केलेला असेल तरच पुढे जायचं. ‘-के’ वापरायची वेळ आलीच, तर हा मोठा ‘एम’ आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या वेळी विचारणारा ‘-आय’, दोन्ही सोबत हवेत.

फ्यूझरला कोणीच सापडलं नाही आणि तरी बिझी आहे, असंही क्वचित होतं. पेनड्राइव्हवरची एखादी आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) डबलक्लिक करून उघडलेली असते आणि ती स्वतःच एक डिस्क म्हणून जोडली गेलेली असते. ‘लोसेटअप -ए’ दिलं की ती दिसते. आधी ती सोडवायची, मग पेनड्राइव्ह.

प्रश्न : आमच्या घराण्यातले मोडी कागद मी स्कॅन करतो आहे. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ. लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी इतकी झटपट होते की आश्चर्य वाटतं. पण दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की शेवटची पानं अर्धी राखाडी. डिस्क खराब आहे का? — एक वाचक, वाई

तुमच्या कामाबद्दल वाचून फार बरं वाटलं. तो कागद पुढच्या पावसाळ्यात कसा राहील याची खात्री नसते, त्यामुळे प्रत बिनचूक झालीच पाहिजे.

डिस्क खराब असेलच असं नाही. तुम्हाला जो वेग वाटतो आहे, तो डिस्कचा नाही. एफोर पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर दाबून लहान न केलेली टिफ फाइल सुमारे १०० एमबीची होते. अशी दहा-बारा पानं कॉपी केली की एक जीबीच्या वर गेलात. लिनक्स हा मजकूर लगेच डिस्कवर लिहीत नाही. तो आधी रॅममध्ये घेतो, ‘झालं’ असं सांगतो आणि मागाहून सवडीने डिस्कवर उतरवतो. अजून न उतरलेल्या या मजकुराला कर्नल ‘डर्टी’ म्हणतो. सर्वसाधारण सेटिंगमध्ये असा मजकूर उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत साचू दिला जातो आणि ३० सेकंद जुना झाला की तो लिहायला काढला जातो. काढला जातो, म्हणजे संपतो असं नव्हे. डिस्क सेकंदाला ८ एमबी या वेगाने लिहीत असेल, तर साचलेल्या १,२०० एमबीला अडीच मिनिटं लागतात. कॉपीची पट्टी भरल्याबरोबर तुम्ही केबल काढलीत, तर शेवटची पानं रॅममध्येच राहून गेली. राखाडी भाग तोच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘वॉच ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो’ द्या (डर्टीचं पहिलं अक्षर मोठं) आणि एक गठ्ठा कॉपी करा. आकडा झपकन वर जातो आणि कॉपी ‘संपल्यावर’ हळूहळू उतरतो. एकदा हे पाहिलंत की केबलला हात लावताना आपोआप थांबाल.

यूमाउंट नेमकं इथे कामी येतं. ते त्या डिस्कचा सगळा डर्टी मजकूर लिहून होईपर्यंत परतत नाही. म्हणून टर्मिनल मिनिट-दोन मिनिटं गप्प बसलं तर ते अडकलंय असं समजू नका. कंट्रोल-सी दाबू नका, केबल हलवू नका. काहीही न बोलता प्रॉम्प्ट (नवीन कमांड टाइप करायची ओळ) परत आला, की तुमचं काम झालं. डिस्क जोडलेलीच ठेवायची असेल आणि फक्त मजकूर उतरवून घ्यायचा असेल तर ‘सिंक’ आहे. रोज संध्याकाळी स्कॅनिंग थांबवताना ते जरूर द्या. वीज गेली तर निदान तोवरचं डिस्कवर असेल.

तुमच्या बाबतीत आणखी एक सुचवते. कॉपी तपासायची असेल तर ती डिस्क सोडवून, पुन्हा जोडल्यानंतरच तपासा. लगेच तपासलीत तर संगणक बऱ्याचदा रॅममधलीच प्रत वाचून ‘बरोबर आहे’ म्हणतो. मूळ फोल्डरमध्ये ‘एसएचए२५६सम’ने (ही कमांड प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून तिची खूण काढते) यादी करा, डिस्क यूमाउंट करा, पुन्हा जोडा आणि मग डिस्कवरच्या प्रतीच्या फोल्डरमध्ये ‘-सी’ लावून ती यादी ताडून बघा. वेळ लागतो, पण मोडी दप्तरासाठी तो द्यावा असं मला मनापासून वाटतं.

डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती (फाइल सिस्टिम) असतात. बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीची असेल तर काळजी जास्त घ्या. लिनक्सच्या एक्सटी४मध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं. अर्धवट राहिलेल्या नोंदी त्यावरून सावरता येतात (फाइलच्या आतला न लिहिलेला मजकूर मात्र तेही परत आणू शकत नाही). एक्सफॅट आणि जुन्या फॅटमध्ये जर्नलच नाही. आधीच ओढून काढलेली फॅटची डिस्क जोडल्यावर ‘डीएमईएसजी’मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) ‘वॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड’ अशी ओळ दिसली, तर नवीन काही लिहिण्याआधी ती सोडवा आणि ‘एफएससीके’ (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा. एफएससीके जोडलेल्या डिस्कवर कधीही चालवायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : मॅडम, आमच्या वर्गात सगळे ‘यूमाउंट -एल’ वापरतात. कधीच बिझी येत नाही. मग तेच नेहमी का वापरू नये? — विद्यार्थिनी, नागपूर

कारण बिझी येणं ही तुला मिळालेली सूचना आहे, आणि ‘-एल’ ती सूचनाच बंद करतं.

‘-एल’ दिल्यावर फोल्डरच्या झाडातून डिस्क लगेच दिसेनाशी होते. पण ज्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली आहे तो लिहीतच राहतो, आणि त्याने फाइल सोडेपर्यंत फाइल सिस्टिम आतून जिवंत असते. तुला वाटतं सुटली, म्हणून तू पेनड्राइव्ह काढतेस. नेमकं त्याच क्षणी लिहिणं चालू असू शकतं. शिवाय आता ‘फाइंडएमएनटी’मध्ये (जोडलेल्या डिस्कच्या यादीत) ती दिसत नाही आणि पत्त्यावरून फ्यूझरलाही कोणी सापडत नाही. म्हणजे कोण लिहितंय हे शोधायचा सोपा रस्ताही तूच बंद केलास. हा पर्याय मुख्यतः नेटवर्कवरच्या अशा फोल्डरसाठी आहे, ज्याचा सर्व्हर गायब झाला आहे आणि त्यापायी संगणक बंदही होत नाही. ‘-एफ’चंही तसंच: तो न पोचणाऱ्या एनएफएससाठी, म्हणजे अशाच नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी, आहे. पेनड्राइव्हचं बिझीपण त्याने सुटत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेत जे शिकवतात त्यांना हे जरूर दाखव. त्यांनीही ते कुणाचं तरी पाहून उचललेलं असेल.

प्रश्न : यूमाउंट झाल्यावरही माझ्या हार्डडिस्कचा दिवा चालू असतो आणि आतली तबकडी फिरताना जाणवते. काढू का? — छायाचित्रकार, इचलकरंजी

मजकुराच्या दृष्टीने काढलीत तरी चालेल. पण फिरत्या तबकडीचा वीजपुरवठा एकदम तोडण्यापेक्षा तिला आधी थांबवलेलं बरं. डिस्कचे सगळे भाग सोडवले आहेत ना ते एलएसबीएलकेने बघा. एकाच डिस्कवर एसडीबी१ आणि एसडीबी२ असे दोन भाग असले तर दोन्ही सोडवावे लागतात. मग ‘यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी’ द्या. इथे भागाचा आकडा नको, अख्ख्या डिस्कचं नाव हवं. तबकडी थांबली की केबल काढा आणि मगच बॅगेत ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे मॅक आहे. यूमाउंट दिलं तर होत नाही. — एक वाचक, मडगाव

मॅकवर यूमाउंट असतं, पण तिथे ‘डिस्कयुटिल’ वापरा. ‘डिस्कयुटिल लिस्ट’ने नाव शोधा आणि ‘डिस्कयुटिल इजेक्ट /डेव्ह/डिस्क४’ असं द्या (आकडा तुमच्या यादीतला). त्याने त्या डिस्कवरचे सगळे भाग एकदम सुटतात. नुसतं ‘अनमाउंट’ दिलंत तर एकच भाग सुटतो. कोणी अडवत असेल तर मॅक बऱ्याचदा ‘डिसेंटेड बाय पीआयडी’ असं लिहून त्या प्रोग्रॅमचा क्रमांक आणि पत्ताही देतो. पत्त्यात ‘एमडीएस’ दिसलं तर स्पॉटलाइटचं (मॅकच्या शोध सुविधेचं) अनुक्रमणिका बनवण्याचं काम चालू आहे. थोडं थांबून पुन्हा इजेक्ट द्या. ‘फोर्स’ हा शब्द जोडण्याआधी त्या डिस्कवरचं काय उघडं आहे ते एकदा स्वतः पाहून घ्या.