वाफेच्या इंजिनाच्या सहलीत कोणत्या डब्यात बसावं? आणि ते जुने डबे खरंच जुने असतात का?

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

अशा सहलींचं वेड ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त, म्हणून तिथलंच सांगतो. हौशी मंडळींनी चालवायला घेतलेली पहिली रेल्वे वेल्समधली टॅलिलिन, १९५१ सालची. योगायोग असा, की आज सहलींत सर्रास दिसणारे ब्रिटिश रेल्वेचे ‘मार्क १’ जातीचे डबे त्याच वर्षी रुळांवर आले. हे पोलादी. त्याआधीचे लाकडी डबे मुख्य लाइनवर क्वचितच दिसतात आणि ते बरंच आहे. १९१५ साली स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलच्या अपघातात गॅसच्या दिव्यांचे लाकडी डबे पेटले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. हौशी मंडळींनी जतन केलेल्या लहान हेरिटेज लाइनवर मात्र वेग ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटरच्या आत असतो. तिथे लाकडी डबे आरामात चालतात.

‘हा डबा कधीचा?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेलच असं नाही. कितीतरी डबे चाकं काढून शेतात झोपडी म्हणून किंवा कोंबड्यांसाठी विकले गेले होते. अनेक दशकांनी ते शोधून, दुसऱ्याच डब्याच्या सांगाड्यावर चढवून पुन्हा उभे केले. वरचं घर एका काळातलं, खालची चाकं दुसऱ्या. मला यात फसवणूक वाटत नाही, पण विचारलंत तर तिथले लोक सगळी वंशावळ सांगतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता बसायचं कुठे. इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल तर पहिला डबा. चढावर धुराड्याचा एकेक फुत्कार छातीत जाणवतो. पण खिडकीतून डोकं काढू नका. धोका तर आहेच, शिवाय कोळशाचा कण डोळ्यात गेला की उरलेली सहल डोळा चोळण्यात जाते. माझी एकदा गेलीय. इंजिन बघायचं असेल तर मागचा डबा आणि वळणाच्या आतली बाजू. हिवाळ्यात मात्र मागे जाऊ नका. अशा गाड्यांत डबे गरम होतात ते इंजिनातून पाइपने येणाऱ्या वाफेवर, आणि शेवटच्या डब्यापर्यंत तिच्यात फारसा दम उरत नाही.

मी स्वतः कॉरिडॉरवाला, बंद कंपार्टमेंटचा डबा शोधतो. समोरासमोर दोन बाकं, वर सामानाची जाळी, दाराची काच खालीवर करायला चामड्याचा पट्टा. त्याला ओळीने भोकं असतात. हवं ते भोक पितळी खुंटीत अडकवलं की काच तिथेच थांबते. गाडी स्टेशनात उभी राहिली की दिव्यांकडे बघा, थोडे मंदावतात. डायनॅमो चाकांच्या आसावर चालतो, त्यामुळे गाडी थांबली की सगळा भार बॅटरीवर येतो.

आणखी एक. छोट्या लाइनवर शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागतं. म्हणजे जाताना पहिला असलेला तुमचा डबा येताना शेवटचा. जागेवर रुमाल टाका आणि खाली उतरून इंजिन जोडताना बघा. शिट्टी झाली की चढा.