सासूबाईंना घरी कधी आणू?

प्रश्न: आम्ही सिंहगड रोडला तळमजल्यावर राहतो. परवाच्या वादळी पावसात घरात गुडघाभर पाणी शिरलं, आता ओसरलंय पण सगळीकडे चिखल आहे आणि लाइट मेनवरूनच बंद ठेवलीये. सासूबाई ७८ वर्षांच्या, कोथरूडला नणंदेकडे आहेत, रोज फोन करून विचारतात कधी नेणार म्हणून. इन्व्हर्टरवर पंखा-दिवा लावून दोन दिवसांत आणलं तर चालेल ना?
– एक वाचक

उत्तर: ताई, इन्व्हर्टरला आधी हात लावू नका. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर चालू केला की घरातल्या वायरिंगमध्ये करंट येतोच, आणि बोर्ड ओले असतील तर शॉक बसायला तेवढा पुरतो. वायरमनला बोलवा, खालचे सॉकेट उघडून वाळवून तपासून घ्या, अर्थिंग बघा आणि ईएलसीबी (शॉक बसताच क्षणात लाइट तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून टाका. एमसीबी आहे म्हणजे झालं असं बरेच जण समजतात, पण तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणसाला शॉक बसला तर पडेलच असं नाही. भिजलेला फ्रिज, मोटर, मिक्सर काहीही नुसतं "बघूया चालतंय का" म्हणून लावू नका (ही हौस घरातल्या पुरुषांना फार).

आणि हो, झाडू मारायच्या आधी फोटो काढा, भिंतीवर पाणी कुठवर चढलं ती रेघ पण दिसली पाहिजे, पंचनाम्याला आणि इन्शुरन्सला तेच कामाला येतं.

मग पाणी. सोसायटीच्या खालच्या टाकीत नाल्याचं, ड्रेनेजचं पाणी गेलं असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीन टाकून घेतल्याशिवाय ते पिऊ नका. तोवर टँकरचं असलं तरी खळखळून उकळी फुटल्यावर निदान १ मिनिट उकळा. लाइट गेल्यापासून फ्रिजमध्ये पडलेलं दूध-भाजी तर आता टाकूनच द्या. भिजलेली कापसाची गादी पण, मग ती रुखवतातली का असेना.

चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे घालाच, पायाला चीर असेल तर लेप्टो (उंदरांच्या लघवीमुळे दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ शकतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरला होतात हे आवर्जून सांगा.

दोन दिवस विसरा, आठवडा तरी धरा, कारण ओलसर फरशीवर या वयात पाय घसरला तर केवढ्याला पडेल. नणंदबाईंनाच सांगा की सासूबाईंना समजवा, तुमचं ऐकणार नाहीत.