कोकमाची झाडे फुलतात, पण रातांबे का धरत नाहीत?

गुहागर तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारले आहे की, घरच्याच बिया रुजवून लावलेली त्यांची कोकमाची झाडे चांगली वाढली असून दर हिवाळ्यात भरपूर फुलतात, परंतु निम्म्या झाडांवर एकही फळ धरत नाही. ती तोडून टाकावीत का? ज्या झाडांना फळे येतात त्यांचे शेवटचे रातांबे पावसात सापडून वाया जातात, अशीही त्यांची अडचण आहे.

झाडे तोडण्याची घाई कृपया करू नये. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, ती ओळखता येत नाहीत. त्यामुळे खत किंवा पाणी कमी पडल्याने फळ धरत नाही असे समजून त्यावर खर्च वाढवू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फूल हातात घेऊन पाहावे. नर फुले झुपक्यांनी येतात व त्यांच्या मध्यभागी पिवळसर पुंकेसरांचा दाट गठ्ठा असतो. मादी फुले बहुधा एकेकटी असतात व मध्यभागी हिरवा, फुगीर बीजकोश स्पष्ट दिसतो. पाहणी करतानाच प्रत्येक झाडावर रंगाची खूण करावी.

परागीभवनासाठी बागेत साधारण दहा टक्के नर झाडे विखरून ठेवावीत. उरलेल्या नर झाडांची छाटणी करून येणाऱ्या जोमदार फुटव्यांवर जाणकार कलमकाराकडून मादी झाडाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावर बांधायचे कलम) बांधून घेता येते. काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीचीच घ्यावी, कारण आडव्या फांदीच्या काडीपासून झालेले कलम पुढेही आडवेच पसरते आणि त्याला झाडासारखा आकार येत नाही. रोपवाटिकेतून कलम आणतानाही हीच गोष्ट आवर्जून विचारावी. नवी लागवड करायची असेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जातींची कलमे घ्यावीत. नारळ-पोफळीच्या बागेतील विरळ सावली कोकमाला मानवते. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी, आणि पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी व सावली द्यावी.

पावसाच्या तोंडाशी निघणाऱ्या फळांची आमसुले करण्याचा आग्रह धरू नये. आमसुलांसाठी साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात वाळवण्याची क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ढगाळ हवेत साली ओलसर राहून त्यांना बुरशी धरते. अशा फळांचे आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, करावे. त्यासाठी रसाच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के मीठ लागते, आणि वाळवण्याचा प्रश्नच उरत नाही. फळे झाडावरून हाताने किंवा घळाने (टोकाला जाळी बांधलेल्या काठीने) उतरवावीत. खाली पडून फुटलेली फळे यात मिसळल्यास संपूर्ण आगळ बिघडू शकते.

बिया बहुतेक ठिकाणी उकिरड्यावर जातात, हे पाहून वाईट वाटते. त्यांच्या वजनाचा जवळपास पाव भाग स्निग्धांश असतो, आणि भेगाळलेल्या टाचांना लावायचे मुठेल, म्हणजे घट्ट कोकम तेल, त्यातूनच निघते. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातही त्याला मागणी आहे. म्हणून बिया गर धुऊन, कडक वाळवून, गोणीत कोरड्या जागी साठवाव्यात, आणि गावातील महिला बचत गट तेल काढत असेल तर पावसाळ्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून ठेवावे.