हॅरी पॉटरमधलं तुमचं सर्वात आवडतं पात्र कोणतं? का?

नेव्हिल लाँगबॉटम. हॅरीबिरी सगळे नंतर.

बहुतेकांना तो आठवतो शेवटच्या भागातला. टोपीतून तलवार उपसून खलनायक व्होल्डेमॉर्टच्या नागिनीचं मुंडकं उडवणारा. झकासच आहे ते. काहींना पहिल्या भागातली रात्र आठवते. सतत बेडूक हरवणारा हा घाबरट पोरगा मुठी वळून आपल्याच मित्रांची वाट अडवतो, हर्मायनीच्या मंत्राने ओंडक्यासारखा आडवा होतो आणि शेवटी शाळेतल्या गटांच्या स्पर्धेत 472-472 अशी बरोबरी झाल्यावर त्याच्याच 10 गुणांनी त्यांचा गट ग्रिफिंडॉर जिंकतो.

माझा नेव्हिल मात्र पाचव्या भागातला, हॉस्पिटलमधला. त्याचे आईवडील छळामुळे भ्रमिष्ट झालेत, तो तान्हा होता तेव्हापासून तिथेच आहेत. तो आजीबरोबर भेटायला येतो आणि नेमके तिथे वर्गमित्र भेटतात. त्याने हे कुणाला सांगितलेलंच नसतं. आई सावकाश चालत येते, बोलत काहीच नाही, त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात, आतापर्यंत खोलीच्या भिंती मढवण्याइतके झालेत. नेव्हिल आईला थँक्यू म्हणतो, मित्रांकडे अशा नजरेने बघतो की हसून दाखवा कुणीतरी, आणि जाता जाता तो कागद गुपचूप खिशात टाकतो.

(सिनेमात हा प्रसंग घेतलाच नाही. म्हणून नुसते सिनेमे पाहिलेल्यांशी नेव्हिलवर वाद घालायला मी जात नाही.)

हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होतो. ठाण्याहून फास्ट लोकल, नशिबाने चौथी सीट, अर्धं बूड बाहेर आणि मांडीवर विटेएवढं पुस्तक. आमचे आजोबा शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हते. पण मी दिसलो की बंडीच्या खिशातून बेस्टचं जुनं, चुरगळलेलं तिकीट काढून माझ्या हातात द्यायचे. रोज. शाळेतले मित्र घरी आलेले असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ते तिकीट हळूच खाटेखाली सरकवून द्यायचो.

दादर कधी गेलं कळलंच नाही. भायखळ्याला उतरलो.