बचावपटूने हॉकी स्टिक घेताना आधी बाक बघावा, वजन नंतर

तुम्ही आजवर आघाडीला खेळलात, आता प्रशिक्षकांनी फुलबॅकला आणलंय. हातात हलकी, लो बोची (म्हणजे बाकाचा सगळ्यात खोल भाग खाली असलेली) स्टिक आहे आणि जो तो सांगतोय, 'बचावाला जड आणि लांब स्टिक घे.' घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

घाई करू नका. मी वर्षानुवर्षं बचावातच खेळतोय, आणि हा सल्ला मला अर्धवट वाटतो. वजन आणि लांबी या नंतरच्या गोष्टी. तुमच्या स्टिकमध्ये आधी बदलायला हवा तो बाक.

नियमाप्रमाणे स्टिकचा बाक जास्तीत जास्त २५ मिमी असू शकतो आणि त्याचा सगळ्यात खोल बिंदू स्टिकच्या खालच्या टोकापासून २०० मिमीच्या आत येता कामा नये. लो बो स्टिका या दोन्ही मर्यादांच्या अगदी जवळ बनवतात. चेंडू ओढून नेणं, उचलून बचावपटूच्या स्टिकवरून काढणं, ड्रॅगफ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं) मारणं यासाठी त्या उत्तम. पण खोल बाक खाली आला की चेंडूला लागणारा भाग किंचित आकाशाकडे बघतो. साधी सपाट हिट मारायला जावं तर चेंडू जमीन सोडतो. आघाडीपटूला ते कधी कधी चालून जातं. बचावपटूचं तसं नसतं. तुम्ही आपल्या वर्तुळाजवळून फ्री हिट घेताय, समोर दहा पावलांवर प्रतिस्पर्धी उभा आहे, आणि चेंडू त्याच्या गुडघ्याकडे उडाला, तर धोकादायक म्हणून पंचांची शिट्टी वाजू शकते आणि चेंडू नको तिथे प्रतिस्पर्ध्यांच्या हातात जाऊ शकतो. दमलेलं शरीर, शेवटची दहा मिनिटं, अशा वेळी हातांची जागा बदलून ही उसळी सांभाळत बसायला वेळ नसतो.

म्हणून बाक २० ते २४ मिमीच्या दरम्यान आणि खोल बिंदू साधारण २५० ते ३०० मिमीवर असलेली स्टिक बघा. हिट आणि स्लॅप (स्टिक जमिनीलगत सरपटवत मारलेला फटका) दोन्ही जमिनीलगत राहतात, स्टिक आडवी टाकून अडवलेला चेंडू कुठे जाईल याचा अंदाज नीट येतो, आणि लांबचा, हवेतून टाकलेला एरियल पासही अडत नाही. तुमचे हात लो बोला सरावलेत, तेव्हा पहिले काही दिवस चेंडू पायापासून थोडा वेगळ्या जागी ठेवावासा वाटेल. ते आपोआप बसतं.

आता वजन. जड स्टिकने हिट जोरात जाते हे खरं आहे, पण बचावपटू दिवसभर हिट मारत नाही. तो सगळ्यात जास्त वेळा जॅब करतो, म्हणजे स्टिक झटकन पुढे खुपसून चेंडू टोचतो, आणि जॅब होतो एकट्या डाव्या हाताने. पुढे खुपसलेली स्टिक चुकली तर ती क्षणात मागे येऊन दुसऱ्या टॅकलला तयार हवी. जड स्टिक तिथेच रेंगाळते आणि समोरचा निघून जातो. नियम ७३७ ग्रॅमपर्यंत मुभा देतो, पण बहुतेक प्रौढ खेळाडूंना ५४० ते ५६० ग्रॅम पुरतात. त्यातही तराजूवरच्या आकड्यापेक्षा तोल महत्त्वाचा, कारण सारख्या वजनाच्या दोन स्टिकांपैकी एक डोक्याकडे जड लागते, दुसरी लागत नाही. दुकानात ग्रिपचं वरचं टोक फक्त डाव्या हातात धरा, गुडघे वाकवा आणि जमिनीलगत पुढे-मागे जॅब करत राहा. मनगट खाली झुकायला लागलं तर ती स्टिक परत ठेवा, कितीही देखणी असो.

लांबीचं थोडक्यात: ३६.५ किंवा ३७.५ इंच यांतली जी आत्ता वापरता तीच ठेवा. उंच असाल आणि कंबरेतून फार वाकावं लागत असेल, तरच एक इंच वाढवा. लांब स्टिकने पल्ला वाढतो, मान्य, पण अंगाजवळ आलेला चेंडू काढताना तीच आड येते. शिवाय पल्ला आधी पायांनी मिळवायचा असतो.

स्टिकच्या खालच्या वळलेल्या टोकाचा आकार निवडताना मी रिव्हर्सचा (स्टिक उलटी फिरवून खेळण्याचा) विचार करतो. मध्यम टोकाची मिडी सगळ्या कामांना चालते. तुमच्या डाव्या बाजूने झपाट्याने येणारे पास रिव्हर्सने अडवायची वेळ वारंवार येत असेल, तर मॅक्सी घ्या; तिचा पृष्ठभाग मोठा असतो. मात्र चेंडूवरून फिरवायला ती जरा मंद. जास्त वळलेल्या टोकाची हूक मला साध्या बचावाला गरजेची वाटत नाही.

कार्बनचे आकडे बघून भुलू नका. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ, हिट जोरदार, आणि आलेला चेंडू तितकाच उसळून दूर जातो. बचावपटूच्या पहिल्या स्पर्शातून दूर गेलेला चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला जातो. मध्यम कार्बन, सोबत फायबरग्लास किंवा धक्का शोषणारं अरामिड असलेली स्टिक तुमच्यासाठी बरी.

एकच अपवाद आहे. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅगफ्लिक तुम्हीच मारत असाल, तर मी वर लिहिलेलं सरसकट लागू होत नाही. हे काम बऱ्याचदा बचावपटूकडेच असतं. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल करणारा हरमनप्रीत सिंग बचावपटूच आहे. अशा वेळी दोन स्टिका ठेवून कॉर्नरपुरती लो बो आणू, असं मनात येईल. ते जमणार नाही, कारण कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत स्टिक बदलता येत नाही. सध्याची स्टिक नियमात बसेनाशी झाली तरच मुभा असते. म्हणजे एकाच स्टिकवर दोन्ही कामं करायची. तेव्हा खोल बिंदू २३० मिमीच्या आसपास असलेली शोधा आणि सपाट हिटऐवजी स्लॅप आणि पुश (चेंडूला स्टिक लावून ढकलणं) यांवर पास द्यायची सवय लावा.