जयपूर तीन दिवसांत, सासूबाईंचे गुडघे सांभाळून

प्रश्न: ताई, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं जयपूरला जातोय, मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना जिने चढवत नाहीत. हातात तीनच दिवस. आमेर, हवामहल, सिटी पॅलेस, जंतरमंतर, सगळं होईल का? आणि खरेदीत फसवतात म्हणे, तर काय घ्यायचं, कुठून?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: होईल हो सगळं, पण जयगड-नाहरगडचा नाद आत्ताच सोडा, नाहीतर तिन्ही दिवस गाडीतच जातील. पहिल्या सकाळी गाडी न घेता परकोट्यात म्हणजे जुन्या तटाच्या आतल्या शहरात चाला, हे मी अगदी आग्रहाने सांगते. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे शहर वसवलं, आखणी विद्याधर भट्टाचार्यांची, आपला शनिवारवाडा 1730 चा, म्हणजे काळ तोच, आणि तेव्हा यांनी सरळ रुंद रस्ते, चौक म्हणजे चौपड, आणि एकसारखी दुकानं असं अख्खं शहर आधी आखून मग उभं केलं. दुकानं उघडायच्या आधी गेलात तर ती रेष डोळ्यांना दिसते, दहानंतर नुसती गर्दी. रंग म्हणाल तर गुलाबी म्हणतात पण खरं तर गेरूकडे झुकणारा आहे, 1876 मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून दिलेला.

हवामहल पूर्वेला तोंड करून आहे, तेव्हा ऊन अंगावर असतं सकाळीच. रस्त्यावरून फोटो काढून परत फिरू नका, मागच्या बाजूने आत जा. आणि सासूबाईंना आवर्जून न्या, कारण वर जायला बहुतेक पायऱ्या नाहीतच, उतार आहेत, हात धरून सावकाश जमेल. वरच्या झरोक्यातून खालचा बाजार बघितला की 953 खिडक्या कशासाठी ते आपोआप कळतं.

जंतरमंतरला गाईड घ्याच, इथे पैसे वाचवू नका. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळ, 27 मीटर उंच, त्याची सावली मिनिटाला साधारण 6 सेंटिमीटर सरकते, मुलीला तिथे पाच मिनिटं नुसतं उभं करा, सावली चालताना डोळ्यांनी दिसते. वेळ मोबाईलशी जुळणार नाही, कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, हे भूगोलात शिकलेलं तिथे पटतं. सिटी पॅलेस शेजारीच, तिथले चांदीचे दोन प्रचंड गंगाजली हंडे चुकवू नका, 1902 मध्ये महाराजा माधोसिंग इंग्लंडला गेले तेव्हा बरोबर गंगेचं पाणी नेलं होतं त्यातून.

आमेर दुसऱ्या दिवशी. हत्तीवरून जाऊ नका प्लीज, त्या चढावर त्यांचे हाल बघवत नाहीत. जीप वरपर्यंत जाते, तीच घ्या. आत गणेश पोलसमोर मुलीला सांगा की पुरंदरच्या तहात, 1665 मध्ये, महाराजांसमोर बसलेले मिर्झाराजे जयसिंग ते याच आमेरचे, हा दरवाजा आणि शीशमहाल त्यांच्याच काळातले. जयपूर वसवणारे सवाई जयसिंग वेगळे, नंतरचे, दोघांत गल्लत होते. मला स्वतःला तिथे उभं राहून शाळेतला तो सगळा धडा आठवला होता.

आता खरेदी. ड्रायव्हर "सरकारी शोरूम" म्हणून नेईल तिथे उतरूच नका, मी एकदा तसं जाऊन रेशमी म्हणून घेतलेली ओढणी पहिल्याच धुण्यात ओळखली. खडे, पन्ना वगैरे लॅबच्या सर्टिफिकेटशिवाय अजिबात नको. कपडे, मोजडी बापू बाजारात, भाव करावाच लागतो. रविवारी परकोट्यातली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा वार बघून जा.

पण एकच गोष्ट आणायची तर लाखेच्या बांगड्या, त्रिपोलिया बाजारातून आत मनिहारों का रास्ता म्हणून गल्ली आहे तिथल्या. कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतो, लाकडी हत्याने लाटत तिची कांडी करतो, वरून रंगीत लाख फिरवतो, वाकवून जोडतो आणि गरम असतानाच खडे दाबतो, सगळं तुमच्या डोळ्यासमोर. सासूबाईंना तिथे स्टुलावर बसवा आणि त्यांच्या हाताच्या मापाची करून घ्या. गार होईपर्यंत मात्र थांबा, घाई करून घातली की वाकते.